ताडगोळे दाबून बघताना

ताडगोळा पिकायच्या आधी खायचा असतो, हे मला लग्न होऊन कांदिवलीला येईपर्यंत माहीत नव्हतं. बाकीच्या फळांची माणूस वाट बघतं. आंबे अढीत घालतं, चिकू तांदळात पुरतं, पपई कागदात गुंडाळून ठेवतं. ताडगोळ्याची वाट बघितली तर हातात नुसतं टणक खोबरं येतं, आणि तेही बेचव. मी साताऱ्याकडची. आमच्या गावात ताड हा शब्द फक्त उंच माणसाला नावं ठेवायला वापरत. त्या झाडाला काळंजांभळं फळ येतं, कोयत्याने त्याचं डोकं उडवलं की आत तीन खणांत तीन गोळे बसलेले दिसतात, ते अंगठ्याने उपसून काढायचे आणि साल सोलून खायचे, हे सगळं मला सासरी शिकायला मिळालं. शिकवणाऱ्या सासूबाई होत्या, त्यामुळे ते शिकणं गोड नव्हतं.

सासूबाई अलिबागकडच्या. सासरे गिरणीत होते म्हणून त्या मुंबईला आल्या, सासरे गेले, गिरणीही गेली, पण सासूबाईंचं समुद्रकाठचं तोंड काही गेलं नाही. बोलण्याच्या बाबतीतही आणि खाण्याच्या बाबतीतही. ताडगोळा हातात घेतला की त्या आधी तो उजेडाकडे धरायच्या, मग तळहातावर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायच्या. दाबल्याजागी खळी पडून ती सावकाश भरून आली की त्यांच्या कपाळावरची आठी जायची. फार कोवळा असला तर म्हणायच्या, "नुसतं पाणी आहे." बेताचा असला तर "मलई." दिवस उलटून गेलेला असला तर "खोबरं." त्याच्याही पुढे गेला असेल तर "रबर." मी पहिल्या उन्हाळ्यात स्टेशनाबाहेरून हौसेने डझनभर गोळे आणले, तेव्हा त्यांनी एक उचलला, दाबला, आणि फरशीवर टाकला. तो उडाला.

"चेंडू आणलास गो," त्या म्हणाल्या. "चाळीतल्या पोरांना दे."

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, पुढे कितीतरी वर्षं येत राहिला. मी एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पहिल्या पाळीला जायचं, दुपारी तीनच्या सुमाराला सुटायचं, येताना भाजी आणायची, आल्यावर स्वयंपाक. त्यात येताना एखादं फळ आणावं तर घरात त्याची चौकशी बसायची. पपई आणली की देठाकडून दाबून बघ, चिकू आणला की नखाने खरवडून बघ, आत हिरवं दिसतंय म्हणजे घशाला चीक लागणार, एवढं पण कळत नाही? मला कळत नव्हतं, हे खरंच. पण दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरून आलेल्या बाईला ते कळून घ्यायची ताकद राहत नाही, हेही खरं होतं.

आमची बैठी चाळ होती, हाउसिंग बोर्डाची. पुढे ओटा, ओट्यावर तुळस आणि सासूबाई. दुपारच्या वेळी कोणाकडे पापडाचं पीठ कुटलं की पहिली लाटी सासूबाईंकडे यायची. त्या ती जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "मीठ बरोबर. हिंग कमी." कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली की चमचाभर त्यांच्याकडे. घरातल्या कालवणाचं मीठ तर त्यांच्या तोंडून गेल्याशिवाय ठरायचंच नाही. मी केलेल्या कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन त्या चाटायच्या तेव्हा मी चुलीपाशी परीक्षेला बसल्यासारखी उभी असायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी "छान झालंय" हे दोन शब्द माझ्या वाट्याला आले नव्हते. "चालेल" पर्यंत गाडी यायची आणि थांबायची. शेजारणी म्हणायच्या, तुझी सासू म्हणजे चवीचं कोर्ट आहे. त्या हसायच्या. त्यांना रोज त्या कोर्टात उभं राहावं लागत नव्हतं.

मग पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपास सासूबाईंच्या गालात गाठ आली. आयुष्यभर त्यांनी मिशरी लावली. पहाटे आणि दुपारी, जळलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीला चोळायची आणि गालात दाबून ठेवायची. जिथे दाबून ठेवायच्या, नेमकं तिथेच. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी शेक द्यायचं ठरवलं. शेक म्हणजे विजेच्या किरणांचा. आमच्याकडे सगळे त्याला शेकच म्हणायचे, जणू पाय मुरगळलाय आणि विटकर तापवून लावायची आहे.

डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, "तोंड येईल. गिळता येणार नाही. लाळ कमी होईल. आणि चव जाण्याची शक्यता आहे. काहींची परत येते, काहींची येत नाही." नवऱ्याने मान हलवली. तोंड येणं आणि न गिळणं याची त्याला काळजी वाटली. मी मात्र चवीपाशीच अडकले. बाकी कोणाची चव गेली असती तर गेली असती. या बाईची गेली तर मागे काय राहणार, हे मला घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं.

नवऱ्याने घरी येऊन त्यांना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याला अवघड गोष्टी पटकन उरकायची सवय आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाठ जाऊ दे. माझी जीभ कुठे जात नाही."

शेक सुरू झाला मार्चमध्ये. नवरा रजा टाकून त्यांना घेऊन जायचा आणि आणायचा, मी घर आणि कारखाना बघायची. आमच्या मुलीला परीक्षा संपल्याबरोबर साताऱ्याला माझ्या आईकडे पाठवून दिलं. थोड्याच दिवसांत सासूबाईंचं तोंड आतून लालभडक झालं. भाताची पेज जाईना. दूध लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. केळं कुस्करून दिलं, ते घशात चिकटलं. डाळीचं पाणी झोंबलं. एरवी ताटलीभर मासे निवांत बसून काटे काढत खाणारी बाई वाटीभर पाण्याकडे भीतीने बघायला लागली. वजन इतकं उतरलं की त्यांच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या.

एप्रिल लागला आणि एक दिवस कारखान्याच्या रस्त्यावर मला टोपली दिसली. मनोरीकडची एक बाई बसली होती, ख्रिस्तीण, लुगडं नेसलेली, टोपलीवर ओलं फडकं. मी थांबले. घरातल्या बाईला काही जात नाही, एवढं तिला सांगितलं. तिने एक फळ उडवलं आणि गोळा माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो दे तिला. ह्याला चावाय नको, झोंबणार नाय. साल मात्र काढ, साल तुरट असते."

मी घरी जाऊन साल काढली. अगदी कोवळ्या गोळ्याची साल नखाने सुटते, पण तिला धीर लागतो. ओढली तर गोळा फाटतो आणि पाणी अंगावर उडतं. मी पहिले दोन फाडले. तिसरा सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, दाबला, बराच वेळ बघत राहिल्या. मग तोंडात घेतला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. तो गेला. मग दुसरा गेला. तोंडावर दुखल्याची खूण दिसली नाही.

"पाणी आहे नुसतं," त्या म्हणाल्या. बोलणं जड झालं होतं, पण शब्द तेच. "थोडा भरलेला बघून आण."

मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. पोटात काहीतरी गेलं म्हणून बरं वाटलंच. पण त्यांनी नाव ठेवलं, याचं त्याहून बरं वाटलं. नावं ठेवतायत म्हणजे जीभ शाबूत आहे.

तेव्हापासून आमच्या घरात रोज दुपारी हेच चालायचं. मी पाळी सुटली की टोपलीपाशी जायची आणि उकिडवी बसून एकेक गोळा दाबून बघायची. बोट कसं ठेवायचं ते हळूहळू कळायला लागलं. नखाची टोच लागता कामा नये, अंगठ्याचा मांसल भाग टेकवायचा आणि नुसता भार द्यायचा. आत पाणी हलतंय का बघायचं. पांढरट, काचेसारखा दिसला तर कोवळा. पिवळसर, आंधळा दिसला तर गेला. टोपलीवाली कंटाळायची. "बाय, सोन्याची पारख करतेस काय?" असं म्हणायची. मीही कंटाळलेली होते. उन्हाने डोकं दुखायचं, पाठ दुखायची, साल काढून काढून नखं काळी पडली होती. सालीचा तो तपकिरी डाग साबणाने जात नाही. कारखान्यात सुपरवायझरने हात पुढे करायला लावले आणि म्हणाला, औषधाच्या कामाला असले हात चालत नाहीत. त्याला काय सांगणार? मी लिंबू चोळून यायला लागले.

आणि एवढं करून घरी रोज निकाल ऐकायचा. "हा जून आहे." "हा बरा, पण गोडी नाही." "कालचा याच्यापेक्षा बरा होता." "टोपलीतले खालचे घातले तिने तुला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगीच नाही. तोंडाच्या आत कातडं सोलवटलेलं, आवाज घोगरा, आणि तरी गोळा दाबून बघितल्याशिवाय तोंडात घालणार नाहीत. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "आई, ती बिचारी उन्हातून आणते ना. खा की गपचूप." मी त्याला डोळ्यांनी दटावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, बायको सुधारली. खरं तर मला त्या नुसत्या बोलत राहायला हव्या होत्या. रोज तीच धास्ती असायची, की आज त्या काहीच बोलणार नाहीत.

मेच्या सुरुवातीला शेक संपला. तोंडाची लाली हळूहळू ओसरली. पातळ पेज जायला लागली, मग मऊ भात. पण खाण्यावर वासना नव्हती. दोन घास झाले की ताट सारायच्या. भाताबद्दल काही बोलायच्या नाहीत, पेजेबद्दल बोलायच्या नाहीत. मी विचारलं तर "आजाऱ्याच्या जेवणाला काय नाव ठेवायचं" म्हणायच्या. बोलायच्या त्या फक्त ताडगोळ्याबद्दल. पोट भरायचं तेही ताडगोळ्यानेच. शेजारची पापडाची लाटी घेऊन आली तेव्हा "मिठाचं सोसवत नाही" म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. मला ते पटलं. तोंड अजून हुळहुळं असणार.

मे संपत आला तशी टोपलीवाली यायची थांबली. स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर ताडगोळे होते, पण सगळे जून. मी तिथे उभं राहून सगळे दाबून बघितले, गाडीवाला ओरडला, मी तशीच घरी आले. सासूबाईंनी माझा रिकामा हात बघितला आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी पेजेच्या दोन चमच्यांवर दिवस काढला. दुसऱ्या दिवशीही तेच.

रविवार आला. रविवारी मी उशिरा उठते, निदान उठावं अशी इच्छा असते. त्या दिवशी मी सकाळी मालाडला गेले, तिथून बसने मार्व्याला, आणि मार्व्याहून होडीने मनोरीला. टोपलीवालीचं घर शोधायला त्रास पडला नाही. ताडगोळे कोण विकतं विचारलं की गाव सांगतं. ती ओसरीत बसली होती. मला बघून तिला हसू आलं.

"आता कुठले कोवळे? संपला मोसम," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "मागच्या झाडाला उशिराचा एक घड हाय. बस."

घड उतरवून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गोळे खरंच सुंदर होते. दाबला की खळी, सोडला की भरून येणार. इतके दिवस मी शोधत होते ते हेच. ती म्हणाली, "अख्खी फळं घेऊन जा, घरी काढ." अख्खी फळं वजनाला दगडासारखी असतात. पुढे होडी, बस, मग पायी. शिवाय घरी जाऊन ती फोडायची, गोळे उपसायचे, साली काढायच्या. माझ्यात ते त्राण नव्हतं. मी तिला म्हटलं, इथेच काढून दे, साल पण काढ. तिने नाराजीने मान हलवली, पण दिले काढून. आम्ही दोघींनी बसून सोलले आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरले. "वाटेत थांबू नको, लगेच पाण्यात टाक," असं ती म्हणाली होती.

मी कुठे थांबणार होते! पण ओहोटी लागली होती आणि होडी चिखलात अडकून पडली होती. पाणी चढेपर्यंत सगळेजण काठावर बसून राहिलो. सावली नव्हती. पिशवी मी पदराखाली धरली होती. मग बस लवकर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा माझे पाय भरून आले होते आणि पदर पाठीला चिकटला होता. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, खूप सांगून बघितलं, असं नवरा म्हणाला.

मी पिशवी सोडली, गोळे वाटीत काढले आणि वाटी तशीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक उचलला. उजेडाकडे धरला. तळहातावर ठेवून दाबला. खळी पडली, भरून आली. त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. गोळा तोंडात गेला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगदी बरोबर आणलास आज," त्या म्हणाल्या. "मलई. गोड आहे."

मी भिंतीला टेकून खाली बसले होते ती तशीच बसून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेही अशा दिवशी, जेव्हा माझ्यात हसायचीही ताकद नव्हती. वाटलं, नवऱ्याला आतून हाक मारावी आणि सांगावं, ऐकलंत का, आई काय म्हणाल्या. त्या वाटी माझ्यापुढे सरकवत होत्या. "घे. तू पण खा. थकलीस."

मी एक गोळा घेतला आणि तोंडात टाकला.

तो आंबला होता. थोडाथोडका नाही. जिभेला चरचर झाली आणि घशात फेसाळ, नासलेलं काहीतरी उतरलं. वाटी बाजूला सारत मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चौथा गोळा उजेडाकडे धरून बघत होत्या. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की नासकं पोटात गेलं, आता काय होणार, आणि मी हात पुढे करून त्यांच्या बोटांतून गोळा काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. जास्त होतील. आजच तर जायला लागलंय."

"तोंड वाकडं केलंस तू."

"नाही हो."

त्यांनी वाटी पुन्हा ओढून घेतली. एक गोळा घेतला, दाबला. त्यात काही चूक नव्हती. अंगठ्याला तो उत्तमच लागत होता. मग त्यांनी मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं ते केलं. तो नाकापाशी नेला. एकदा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि वाटीत ठेवून दिला.

"आंबलेत," त्या म्हणाल्या.

आत नवऱ्याने रेडिओ लावला होता, बातम्या चालल्या होत्या. सासूबाईंनी पदराने हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं. मला तेव्हा सगळं कळलं. जून आहे, कोवळा आहे, पाणी आहे, हे सगळं अंगठा सांगत होता. गोडी नाही हे त्या अंदाजाने म्हणायच्या. पेजेला आणि भाताला दाबून बघता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल त्या गप्प होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शेक सुरू झाला, लगेच." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आधी मीठ गेलं. मग गोड. आता पेज काय आणि ओली माती काय. गिळते."

"मग मला रोज बोलत कशाला होता?"

"बोलले नसते तर कळलं असतं ना तुला."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं एखादी साधी गोष्ट सांगावी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. थकल्यामुळे असेल. त्यांना रडणारी माणसं आवडत नाहीत. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला सांगू नको. शेजारी तर मुळीच नको. लाटी घेऊन आली की सांग, झोपल्यात."

"परत येईल, आई. डॉक्टर म्हणाले, काहींची येते."

"येईल तेव्हा येईल."

मी वाटी उचलली आणि फेकून द्यायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. हाडं झाली होती नुसती, पण धरलं घट्ट.

"बस," त्या म्हणाल्या. "कसे लागतायत?"

"आंबट."

"आंबट तर मला नाकाने कळलं. कसे आंबट? चिंचेसारखे?"

"नाही. चिंचेसारखे नाही."

"ताकासारखे?"

मला सांगता येईना. मी आयुष्यात एवढा विचार करून काही खाल्लंच नव्हतं. माझ्यासाठी गोष्टी आंबट असायच्या नाहीतर नसायच्या. त्या वाट बघत होत्या. थोड्या पुढे झुकल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर ती भूक होती जी इतके दिवस पेजेच्या वाटीपुढे कधी दिसली नव्हती.

"थांबा," मी म्हटलं. नासका होता तरी मी दुसरा गोळा तोंडात घेतला आणि या वेळी लगेच गिळला नाही.

"आधी गोड लागतो," मी म्हटलं. "अगदी थोडा. मग बाजूने आंबट येतं. जिभेच्या कडेला. आणि शेवटी कडवट, गरम गरम."

"गरम?" त्यांनी डोळे मिटले. "मग ताडी झालीय त्याची. बरोबर. गरमच लागते." त्यांचे ओठ हलत होते. हात अजून माझ्या मनगटावर होता.

"लागतंय का काही?" मी विचारलं.

"नाही," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "पण तू सांग. अजून एक खा आणि सांग."